गोलीच्या आईचं मत

गोलीची आई स्टँडमध्ये बाकीच्या आयांबरोबर बसत नाही. हा नियम कुणी घालून दिलेला नाही. पण कॅनडात मिसिसागातल्या आइस हॉकीच्या ज्या ज्या रिंकवर मी पहाटे सहाला थर्मास घेऊन उभी राहिले, तिथे तिथे हेच पाहिलं. बाकी सगळ्या मुलांचे आईबाप एका बाजूला, पांघरुणं गुंडाळून, कॉफीचे घोट घेत गप्पा मारणारे. आणि गोलीची आई पार टोकाला, काचेच्या कोपऱ्यात, एकटी. कारण गोल झाला की सगळे वळून तिच्याकडे बघतात. बोलत कुणीच नाही, पण बघतात.

गोली म्हणजे गोलरक्षक. कॅनडात सगळे हाच शब्द वापरतात, आमच्या घरातही मराठी वाक्यात तोच बसून गेला आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याच्या संघातला गोली दुसऱ्या गावी राहायला गेला. प्रशिक्षकांनी विचारलं, कोण उभं राहील? यानं हात वर केला. त्या हातामुळे पुढची नऊ वर्षं मी त्या कोपऱ्यात काढली. आणि नव्वदच्या दशकातला सगळ्यात मोठा हॉकीपटू कोण, हा जो वाद आमच्याकडे दर हिवाळ्यात पेटतो, त्यात माझी बाजू ठरली तीही तिथेच.

वाद जुना आहे. यजमान १९९० साली इथे आले, मी लग्न होऊन १९९२च्या डिसेंबरात. त्यांनी ते सगळं दशक टीव्हीसमोर बसून पाहिलं. मी त्यातलं पहिलं अर्धं नुसतं ऐकलं, स्वयंपाकघरातून. बर्फ पडून रस्ते बंद झाले की शेजारचे आजोबा येतात. ते मूळचे क्यूबेकचे, त्यांच्या रक्तातच माँट्रियल. मग चहा होतो, चकल्यांचा डबा निघतो आणि मुलगा वही घेऊन बसतो. आता तो तिशीत आहे, पण दहा नावांची यादी लिहायचं काम अजून त्याचंच.

पहिलं भांडण दशकावरूनच होतं. एनएचएलचा, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या मोठ्या लीगचा, हंगाम ऑक्टोबरात सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, म्हणजे प्रत्येक हंगाम दोन वर्षांत पाय ठेवून उभा. १९८९-९०चा हंगाम धरायचा का? धरला तर ब्रेट हलचे ७२ गोल आणि मार्क मेसिएचा हार्ट करंडक, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान, आत येतो. नाही धरला तर बाहेर. आम्ही १९९०-९१ ते १९९९-२००० असे दहा हंगाम धरतो. हलचं त्यात फारसं बिघडत नाही, कारण पुढच्याच हंगामात त्यानं ८६ गोल केले.

दुसरं भांडण जास्त खोल आहे. या दशकाचे दोन तुकडे पडतात आणि ते दोन वेगळे खेळ वाटावेत इतके वेगळे आहेत. १९९२-९३मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी सातच्या वर गोल व्हायचे. पाच वर्षांनी तो आकडा सव्वापाचाच्या आसपास आला. १९९५मध्ये न्यू जर्सीच्या संघानं मधल्या पट्ट्यात सापळा लावून, समोरच्याला पुढे येऊच न देता स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला आणि बाकीच्यांनी तो धडा गिरवला. गोलींचे पॅड फुगत गेले. स्टिक अडकवून, जर्सी धरून खेळाडूला मागे ओढलं तरी पंच शिट्टी वाजवेनात. त्यात दशकभरात संघ २१ वरून २८ झाले. इथे गोल केला किंवा करवला की खेळाडूला एक गुण. म्हणून १९९३चे शंभर गुण आणि १९९८चे शंभर गुण एका तागडीत टाकता येत नाहीत. आपल्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटा खेळपट्टीवरचं शतक आणि हिरव्या खेळपट्टीवर पहिल्या सकाळी काढलेल्या सत्तर धावा यांतला फरक आपल्या आजोबांनाही कळायचा. त्यांना रेडिओवरूनच कळायचा.

आता नावं.

वेन ग्रेट्झ्कीवर आम्ही फार वेळ घालवत नाही. हे अनादरानं म्हणत नाही. १९९४च्या मार्चमध्ये त्यानं ८०२वा गोल करून गॉर्डी हाऊचा विक्रम मोडला, त्याच हंगामात सर्वाधिक गुणही मिळवले आणि १९९९मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर २८५७ गुण होते. पण त्याचं राज्य ऐंशीच्या दशकातलं. तो वाद वेगळा, आणि खरं तर तो वादच नाही.

यारोमीर यागर मुलाचा लाडका. पाठीवर ६८ आकडा, कारण १९६८ साली सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले आणि त्याच वर्षी त्याचे आजोबा गेले. ते राजवटीच्या तुरुंगात राहिलेले. अठरा वर्षांचा पोरगा अमेरिकेत येतो आणि तो आकडा आयुष्यभर पाठीवर वागवतो, हे मला फार मोठं वाटतं. १९९५, १९९८, १९९९ आणि २०००, चार वेळा सर्वाधिक गुण. त्यातले शेवटचे तीन तर त्या सापळ्याच्या, ओढाओढीच्या काळातले. यादीत तो पहिल्या तिघांत हवाच, यावर आमचं एकमत आहे.

डेट्रॉइटच्या संघाचं नाव निघालं की जरा शांतता होते. स्टीव्ह आयझरमन, सर्गेई फेडोरोव्ह, दोघंही दहांत येतात. पण बोलणं वळतं ते व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हकडे. १९९७च्या जूनमध्ये डेट्रॉइटनं कप जिंकला आणि सहाच दिवसांनी त्याच्या भाड्याच्या लिमोझिनला अपघात झाला. मेंदूला मार बसला, तो पुन्हा खेळला नाही. पुढच्या वर्षी संघानं पुन्हा कप जिंकला तेव्हा त्याला चाकाच्या खुर्चीतून बर्फावर आणलं आणि आयझरमननं कप त्याच्या मांडीवर ठेवला. त्याला यादीत कुठे ठेवायचं हे आम्हाला कधीच ठरवता आलेलं नाही. मुलगा त्याचं नाव समासात लिहितो.

आता मारिओ लेम्यू. यजमानांचा माणूस. आजोबा प्रत्येक वेळी आठवण करून देतात की या आडनावाचा फ्रेंचमध्ये अर्थच मुळी 'सर्वात उत्तम' असा होतो, आणि तो माँट्रियलचा पोरगा होता, पिट्सबर्गचा नव्हे.

लेम्यूच्या बाजूनं जे बोललं जातं ते मला खोडता येत नाही, खोडायचंही नाही. सहा फुटांच्या वर उंची, लांब हात आणि इतक्या मोठ्या देहाला न शोभणारी नजाकत. १९९१ आणि १९९२, पिट्सबर्गसाठी लागोपाठ दोन कप. दोन्ही वेळा अंतिम टप्प्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आणि पाठ अशी मोडकी, की कित्येक दिवस त्याला वाकून स्वतःच्या स्केट्सच्या नाड्या बांधता यायच्या नाहीत, दुसरं कुणीतरी बांधायचं. या आमच्या दहा हंगामांत तो जेमतेम ३१८ सामने खेळला आणि त्यात गुण मिळवले ६५६. एका सामन्याला दोनाहून जास्त. बाकी कुणी त्याच्या जवळपासही नाही.

आणि १९९३. माझा इथला पहिला हिवाळा. जानेवारीत बातमी आली की लेम्यूला हॉजकिन्सचा कर्करोग झाला आहे. मी त्याचं नावही तेव्हा नीट उच्चारू शकत नव्हते, पण यजमान त्या रात्री जेवले नाहीत हे लक्षात आहे. २ मार्चला सकाळी त्यानं शेवटचं रेडिएशन घेतलं, विमानानं फिलाडेल्फियाला गेला आणि त्याच संध्याकाळी सामना खेळला. एक गोल केला, एक करवला. ज्या फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांना पिट्सबर्गचा माणूस डोळ्यांसमोर नको असतो, ते उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. परत आला तेव्हा गुणांच्या यादीत तो पॅट लाफाँटेनच्या १२ गुणांनी मागे होता. हंगाम संपला तेव्हा १२ गुणांनी पुढे होता. ६० सामने, १६० गुण.

माझ्या बाबांचं रेडिएशन मिरजेत झालं, त्यानंतर काही वर्षांनी. मी तेव्हा दोन महिने तिकडे होते. रिक्षातून उतरून ओट्यापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागायचा, ते मी दारात उभं राहून पाहिलं आहे. आत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. पाणी आणू का विचारलं तर नुसता हात हलवायचे. म्हणून २ मार्चच्या त्या संध्याकाळचं मोल मला यजमानांपेक्षा कमी कळतं असं कुणी म्हणू नये. तरीही मी त्याला दुसरा ठेवते.

अडचण एवढीच की त्या दशकातले निम्म्याहून जास्त सामने तो खेळलाच नाही. १९९४-९५चा अख्खा हंगाम घरी. १९९७मध्ये निवृत्ती. यजमान म्हणतात, "अगं, तो धडधाकट असता तर?" मी म्हणते, "अहो, 'असता तर'ला यादीत जागा द्यायची तर कॉन्स्टँटिनोव्हला समासात का ठेवायचं?" लेम्यूची सर्वोच्च उंची सगळ्यांत जास्त, हे मान्य. पण आम्ही दशकाचा माणूस शोधतो आहोत, सगळ्यात उंच लाटेचा नाही.

आजोबांचा माणूस पॅट्रिक र्वा. इंग्रजीत लिहिलेलं पाहून त्याला रॉय म्हणणाऱ्यांवर ते मनापासून नाराज होतात. १९९३मध्ये माँट्रियलनं कप जिंकला तेव्हा त्या एका मोहिमेत जादा वेळेत गेलेले लागोपाठ दहा सामने र्वानं जिंकून दिले. त्यानंतर कॅनडातल्या एकाही संघाला कप मिळालेला नाही, त्यामुळे आजोबांचा आवाज इथे नेहमी थोडा कापतो. पण माझ्यासाठी र्वा म्हणजे २ डिसेंबर १९९५ची रात्र. माँट्रियलच्याच रिंकवर डेट्रॉइटनं त्याला नऊ गोल मारेपर्यंत त्याला बाहेर काढलं नाही. मध्येच एक साधा फटका त्यानं अडवला तर त्याच्याच संघाच्या प्रेक्षकांनी टोमणा म्हणून टाळ्या वाजवल्या. त्यानं दोन्ही हात वर केले, जणू ती दाद स्वीकारतो आहे. चार दिवसांत त्याला कोलोराडोला पाठवलं आणि जूनमध्ये तो कोलोराडोसाठी कप उचलत होता.

तशा टाळ्या मी ऐकल्या आहेत. माझा मुलगा अकरा वर्षांचा होता, आठ गोल झाले होते आणि त्यानं एक सरपटत आलेला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, उचलला तेव्हा स्टँडमधून कुणीतरी मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या. मोठं माणूस होतं. मुलानं मुखवट्याआडून वर पाहिलं. गाडीत तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. घरी आल्यावर पॅड वाळत घातले, वरणभात कालवून दिला. त्या रात्री मला गोली म्हणजे काय ते कळलं. बाकी खेळाडू जे करतात ते मोजलं जातं. गोलीच्या हातून जे सुटतं ते मोजलं जातं. त्यानं जे होऊ दिलं नाही ते कुणाच्या स्वप्नातही येत नाही, कारण ते झालेलंच नसतं.

म्हणून डोमिनिक हाशेक.

पार्दुबित्सेचा. १९८३मध्ये संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत शिकागोनं त्याला घेतलं तेव्हा त्याचा क्रमांक होता १९९वा. त्या काळात चेकोस्लोव्हाकियातून खेळाडू सहजासहजी बाहेर पडू शकत नव्हते, त्यामुळे ती निवड म्हणजे नुसती कागदावरची नोंद. तो आला १९९०मध्ये, पंचविशीत. शिकागोत एड बेलफोरच्या मागे बाकावर बसला. १९९२च्या अंतिम फेरीच्या चौथ्या सामन्यात बेलफोरला लवकर बाहेर काढलं आणि याला आत पाठवलं, समोर लेम्यूचं पिट्सबर्ग. शिकागो ६-५ असं हरलं आणि कपही गेला. उन्हाळ्यात त्याला बफेलोला देऊन टाकलं. तिथेही तो आधी दुसराच होता. ग्रँट फ्यूर जखमी झाला म्हणून १९९३-९४मध्ये जागा मिळाली, तेव्हा त्याचं वय २८.

त्या हंगामात शंभर फटक्यांमागे साधारण गोली दहाच्या वर गोल खायचा. हाशेकनं सात खाल्ले. सामन्याला सरासरी १.९५, आणि दोनाच्या खाली कुणी गेल्याला वीस वर्षं झाली होती. एप्रिलमध्ये न्यू जर्सीविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेतला सहावा सामना चौथ्या जादा सत्रात गेला, रात्रीचे दीड वाजून गेले होते. त्यानं ७० फटके अडवले, एकही जाऊ दिला नाही. पलीकडे २१ वर्षांचा मार्टिन ब्रोडर तितक्याच जिद्दीनं उभा होता. बफेलो १-० जिंकलं. दोन दिवसांनी सातवा सामना मात्र गमावला. त्या सत्तरांचं पुढे काहीच झालं नाही.

त्याची शैली पाहून जुने जाणकार हळहळायचे. गोलीनं गुडघ्यावर कसं यावं, कोन कसा झाकावा याचं एक शास्त्र आहे, र्वा त्यातला पंडित. हाशेक बर्फावर लोळायचा, पाठीवर पडून पाय हवेत फेकायचा, हातातली स्टिक टाकून मोकळ्या हातानं पक दाबायचा. लोक म्हणायचे नशीब आहे. मी जुन्या सामन्यांच्या फिती मुलाबरोबर पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत, थांबवून, मागे नेऊन. नशीब नाही. पक कुठे जाणार आहे हे त्याला आधी कळायचं आणि तिथे पोचायला शरीराचा जो भाग सगळ्यात जवळ असेल तो तो पाठवायचा. आमच्या दहा हंगामांत पाच वेळा सर्वोत्तम गोली. १९९७ आणि १९९८ला हार्ट, म्हणजे सगळ्या लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू. त्याआधी गोलीला हा मान मिळाला होता १९६२मध्ये, जाक प्लांतला. दोनदा मिळालेला गोली आजवर एकच. आणि बफेलोच्या संघात त्याच्या पुढे कोण होतं? यागरला लेम्यू होता, र्वाला जो सॅकिक होता. हाशेकपुढे कष्टाळू, साधी माणसं होती. तरी १९९९मध्ये तो संघ अंतिम फेरीत सहाव्या सामन्याच्या तिसऱ्या जादा सत्रापर्यंत गेला. तिथे ब्रेट हलनं शेवटचा गोल केला. हलचा पाय आधीच गोलीच्या निळ्या अर्धवर्तुळात होता, गोल धरायला नको होता, असं बफेलो आजही म्हणतं. मीही म्हणते.

यजमान इथे उसासा टाकतात आणि मुलगा वही मिटतो, कारण पुढे काय येणार हे दोघांना ठाऊक असतं. नागानो.

फेब्रुवारी १९९८. लीग थांबवून सगळे मोठे खेळाडू ऑलिंपिकला पाठवायची ती पहिलीच वेळ. उपांत्य सामना, कॅनडा विरुद्ध चेक. जपानातली दुपार म्हणजे आमची मध्यरात्र. मुलगा तीन वर्षांचाही नव्हता, ताप होता, माझ्या मांडीवर होता, म्हणून मी जागी. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. यजमान जमिनीवर बसलेले. चेकनं गोल केला, मग शेवटचं मिनिट उरलेलं असताना ट्रेव्हर लिंडननं बरोबरी केली आणि ते इतक्या जोरात ओरडले की पोर दचकून रडायला लागलं. जादा वेळेत काही झालं नाही. मग शूटआउट, म्हणजे एकेक खेळाडू एकट्या गोलीसमोर. प्रत्येकी पाच. एका टोकाला र्वा, दुसऱ्याला हाशेक. चेकच्या पहिल्याच माणसानं, रॉबर्ट राइखेलनं गोल केला. नंतर र्वानं कुणालाही सोडलं नाही. आता कॅनडाला एक, फक्त एक हवा होता.

थिओ फ्लरी. अडवला. रे बोर्क. अडवला. जो न्यूवेंडाइक. नाही. एरिक लिंड्रोस. नाही. ब्रेंडन शॅनहन. नाही. आणि हाशेक उड्या मारत होता, हातमोजे हवेत. ग्रेट्झ्कीला प्रशिक्षकांनी निवडलंच नव्हतं, तो बाकावर बसून राहिला, बाकीचे उठल्यावरही. यजमानांनी टीव्ही बंद केला. मी मांडीवरच्या पोराच्या कपाळावर हात ठेवला, ताप उतरला होता. दोन दिवसांनी चेकनं रशियाला १-० हरवून सुवर्ण घेतलं आणि प्रागच्या चौकात लोक ओरडत होते, हाशेकला राजवाड्यावर पाठवा, म्हणजे राष्ट्राध्यक्ष करा.

गेल्या जानेवारीत आम्ही चौघांनी ते शूटआउट पुन्हा लावलं. आजोबांना आता नीट दिसत नाही, ते पडद्याला नाक लावून बसले होते. लिंड्रोसपाशी यजमानांनी चित्र थांबवलं. लिंड्रोस हाशेकच्या समोरून आडवा जातो, हाशेक बर्फावर पडलेला, जाळी उघडी, आणि पक खांबाला लागतो.

"बघ," यजमान म्हणाले, "हा खांबानं अडवला. हाशेकनं नाही."

"मागे न्या," मी म्हटलं. "आडवं व्हायच्या आधी त्यानं पाय कुठे टाकलाय ते बघा. लिंड्रोसला जागाच किती ठेवली होती?"

"आई, खांब तो खांब," मुलगा म्हणाला.

"तू गोली होतास ना रे?"

तो हसला, पण वहीत त्यानं काही लिहिलं नाही. यजमानांनी चित्र पुन्हा मागे नेलं. आजोबा म्हणाले, हळू, अजून हळू. पक स्टिकवरून सुटला, हाशेकचा पाय ताणला गेला, आणि आम्ही चौघं पुढे झुकून त्या पायाच्या टोकाकडे आणि खांबाकडे बघत राहिलो.